तेल दुधाळलं तो कार्तिक

परवा एरंडोलच्या मोटार स्टँडवर एक म्हातारी माझ्या शेजारून गेली आणि मी शाळेत जायचं सोडून तिच्या मागे चालायला लागले. ओळख ना पाळख! तिने गुडघ्यांना रोशाचं तेल चोळलं होतं, बस, एवढंच. ती रांगेत उभी राहिली, मीही तिच्या मागे उभी राहिले. तिने पारोळ्याचं तिकीट काढलं आणि खिडकीतल्या माणसाने मला विचारलं, "बाई, तुम्हाला कुठलं?" तेव्हा कुठे मी भानावर आले. मला कुठलंच नको होतं. मला तो वास हवा होता आणि नकोही होता, दोन्ही एकदम.

कार्तिक लागला ना! सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी फेकून द्यावीशी वाटते, तो महिना. बाकीच्यांना या दिवसांत कापूस दिसतो, कापसाच्या गाड्या दिसतात. मला दिसतं गवत.

रोशा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कमरेएवढं गवत असतं ते. आमच्या खानदेशात सातपुड्याच्या उतारांवर आपोआप उगवतं. पावसाळाभर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दसरा आला की त्याला तुरे येतात, तुरे तांबूस होतात, आणि मग नुसतं चुरगाळलं तरी हाताला असा वास लागतो की काय सांगू! गुलाब म्हणावा तर गुलाब नाही, लिंबू म्हणावं तर लिंबू नाही, दोघांचं लग्न लावून दिल्यासारखा. हे गवत कापून नदीकाठी मोठ्या लोखंडी हंड्यात कोंडायचं, खालून जाळ लावायचा, वाफ बांबूच्या नळीतून तांब्याच्या भांड्यात घ्यायची, ते भांडं वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचं. वाफ गार झाली की भांड्यात पाणी आणि पाण्यावर तरंगणारं तेल. साबणवाले घेतात, अत्तरवाले घेतात, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या गुडघ्यांना लावतात.

मी या तेलाची परीक्षा घ्यायचे. एक हंगाम. एकच. त्या हंगामात मी एका माणसाचं तेल भेसळीचं ठरवलं आणि ते भेसळीचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत नेऊन शेवटी फोडण्याइतका धीर माझ्यात नाही.

मी यावलकडची. घरी केळी. जळगावच्या कॉलेजातून रसायन घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा घरात सगळ्यांना एकच चिंता, आता हिच्यासाठी मुलगा केवढा शिकलेला शोधायचा! तेवढ्यात धुळ्याहून मामांचं पत्र आलं. मामा तिथे रोशाच्या तेलाच्या एका व्यापाऱ्याकडे गुदाम सांभाळायचे. शेटजींचं तेल मुंबईहून भेसळ म्हणून परत आलं होतं, तेव्हा त्यांनी ठरवलं की यापुढे विकत घ्यायच्या आधीच तपासायचं. 'माणूसच पाहिजे असं नाही,' मामांनी लिहिलं होतं, 'पोरगी चालेल, फक्त तिने काचा फोडू नयेत.'

काच मी एकही फोडली नाही.

गुदामाच्या मागे एक खोली दिली मला. एक टेबल, एक तराजू, दहा-बारा काचेच्या नळ्या, आणि एक कुलपाचं कपाट. कपाटात स्पिरिट. आता हे नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. दारूबंदीचे दिवस होते. स्पिरिट म्हणजे पोटात गेलं तर दारूच. त्यामुळे आमच्याकडे परवाना होता, तो चौकटीत लावून भिंतीवर टांगला होता, देवाच्या तसबिरीशेजारी. बाटलीवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर रेघा. वापरलं तेवढं लिहायचं. दर सोमवारी दारूबंदीचा इन्स्पेक्टर यायचा, डोळा बाटलीच्या पातळीला नेऊन रेघ बघायचा आणि मान हलवायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बाई, ही बाटली म्हणजे सरकारची लेक. हिच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं नाही."

मी म्हटलं, "लेक आहे तर हुंडा कोण देणार?"

मामांनी दाराआडून हात जोडले, म्हणजे गप्प बैस, बाई! बाहेर गेल्यावर म्हणाले, "पोरी, तुही जीभ कापून ठिव कपाटात. किल्ली माह्यापाशी राहू दे." किल्ली खरोखरच त्यांच्यापाशी असायची. सकाळी ते कपाट उघडून द्यायचे, संध्याकाळी बंद करायचे.

आणि ती परीक्षा! मला अजूनही ती आठवली की बोटं शिवशिवतात. आधी स्पिरिटमध्ये मोजून पाणी घालायचं, सत्तर टक्के करायचं. मग मोजनळीत एक भाग तेल घ्यायचं, वरून तीन भाग ते सत्तर टक्क्यांचं स्पिरिट, आणि अंगठा लावून हलवायचं. तेल चोख असेल तर विरघळून जातं. म्हणजे असं, की आधी गढूळ होतं, वेटोळी उठतात, तुम्ही श्वास रोखता आणि एकदम स्वच्छ! पहाटेचं धुकं उठावं तसं. नळीतून पलीकडची खिडकी दिसते, खिडकीतला कावळा दिसतो. आणि तेलात रॉकेल घातलं असेल, शेंगतेल घातलं असेल, तर हलवा तितकं हलवा, दूधच्या दूध. लपवता येतच नाही. तेल घेऊन आलेले लोक माझ्या दाराशी गर्दी करून बघायचे. एकजण दुसऱ्याला म्हणायचा, "अरे, तुना चेहरा देखीसन तेल दुधाई जाई, तू भाईर थांब." सगळे हसायचे. मीही. वीस वर्षांची होते हो मी! माझ्या हातात जगातलं खरंखोटं कळायची नळी होती, असं वाटायचं मला.

दसऱ्याच्या सुमाराला शेटजींच्या गाडीतून मी एकदा भट्ट्या बघायला गेले. शिरपूरच्या पुढे, अनेर नदीच्या काठी. नदीच्या कडेने सात-आठ भट्ट्या, आणि त्यातली सगळ्यात वरची उखा आबाची.

उखा आबा म्हणजे वाळलेल्या बाभळीसारखा माणूस. साठीचा. हातावर वाफेने भाजलेले डाग. मी गेले तेव्हा तो हंड्याच्या झाकणाच्या फटीला उडदाच्या पिठाचा लगदा लावत होता, वाफ निसटू नये म्हणून, आणि इतक्या हळू हाताने की बघणाऱ्याला वाटावं बाळाला काजळ लावतोय.

"ये बेटी, तिकडे बस. धूर डोयाले लागी." मग मान न वळवता, "तूच का ती, तेलनी परीक्षा लेनारी? मना तेलले कितला मार्क देशी?"

"पैकीच्या पैकी, आबा!"

"पयले देख, मंग दे," आबा म्हणाला.

त्याचा मुलगा दामू गवताचे भारे टाकत होता. माझ्याच वयाचा. लाजरा, पण बापाची थट्टा करायची संधी सोडणारा नव्हता. म्हणाला, "आबाले मार्क काय ठाऊक? शाळामा एकच दिन गयथा, तो बी छपरावर कवलं टाकाले. मी तं तितला बी नही गऊ." आबाने लगद्याचा गोळा त्याच्याकडे भिरकावला. तो दामूच्या पाठीला चिकटला आणि अक्का, म्हणजे आबाची बायको, झोपडीतून ओरडली, "उडीदनी धूळधाण नका करा रे! हाई पोर उपाशी ऊनी व्हई, तिले जेवू घाला."

भाकरी, ठेचा आणि नदीचं पाणी. भाकरीलाही रोशाचा वास होता. हात धुतले तरी जाईना. मला जाऊही द्यायचा नव्हता.

तिथे एक रीत होती, ती मला अक्काने सांगितली. हंगामाची पहिली आग उखा आबाची भट्टी धरायची. मग बाकीचे सगळे खापरात त्याच्याकडचा विस्तव न्यायचे आणि आपापली भट्टी पेटवायचे. आबाच्या बापाच्या वेळेपासून तसंच. का, तर यांच्या तेलात कधी कुणी काही घातलं नाही. ज्याचं तेल चोख त्याचा विस्तव. मी म्हटलं, "अक्का, हे तर आमच्या परीक्षेपेक्षा कडक आहे." अक्का हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते, आणि हसताना ती तोंडावर पदर धरायची.

दिवाळी झाली. कार्तिक निम्मा सरला. थंडी पडली आणि उखा आबाचे डबे आले.

त्या सकाळी मी गाणं गुणगुणत होते, हेही मला आठवतं. काय उपयोग आहे हे आठवून? पण आठवतं. मोजनळीत तेल घेतलं, पिवळंधमक, सुंदर. स्पिरिट घातलं. हलवलं. वेटोळी उठली. मी खिडकीकडे धरली नळी आणि वाट पाहिली.

दूध.

मला वाटलं थंडीमुळे असेल, गारठ्यात तेल लवकर विरघळत नाही. म्हणून नळी दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली. दूध. दुसरी नळी घेतली, धुतली, पुसली. दूध. दुसऱ्या डब्यातलं तेल, तिसऱ्या डब्यातलं. दूध, दूध. किती काळजी घेतली बघा मी! सगळं तपासलं. तेल तपासलं, नळी तपासली, थंडी तपासली. एक सोडून सगळं. कॉलेजात आमचे सर सांगायचे, आधी स्पिरिट मोज, मग जग मोज. स्पिरिट मोजायची तरती काचनळी माझ्या खणात मखमलीच्या डबीत होती. हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोजलं होतं, बरोबर होतं. बाटली कुलपात. रेघ बरोबर. सरकार स्वतः येऊन बघतंय. मग परत कशाला मोजायचं?

मी कागदावर लिहिलं, 'अशुद्ध'. आणि सही केली. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

आमच्या गुदामात अशा डब्यांवर डांबराची फुली मारायचे. ती फुली निघत नाही. डांबर लागलेला डबा धुळ्यात कुणी घेत नाही, शिरपुरात घेत नाही, नंदुरबारात घेत नाही. उखा आबाच्या डब्यांवर फुल्या मारल्या आणि डबे सुकायला उन्हात ठेवले, तोवर आबा स्वतः आला.

तो चिडून आला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. दाराशी चपला काढून आत आला आणि म्हणाला, "बेटी, परत देख बरं. शिशी धुयेल व्हती का?"

"धुतलेली होती, आबा. पाच वेळा केलं."

"मले दाखाड."

मी दाखवलं. त्याच्यासमोर तेल घेतलं, स्पिरिट घातलं, हलवलं. तो इतका जवळ आला की त्याच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. नळीत दूध झालं. आबा बघत राहिला. मग त्याने बोटाने नळी वाजवली, जशी काही ती झोपलीय आणि उठवायचीय.

"मी काय बी टाकं नही बेटी."

आणि मी, अहो, मी काय म्हणावं? मी म्हटलं, "तुम्ही नसेल टाकलं, आबा. पण नळी खोटं बोलत नाही."

चांगल्या मनाने म्हटलं हो! त्याला दुखवायचं नव्हतं म्हणून म्हटलं. तुम्ही नसेल टाकलं. तुम्ही.

बाहेर हमाल एकमेकांना शिव्या देत होते, त्या ऐकू येत होत्या. मग आबा माझ्याशी नाही, नळीशी बोलावं तसा बोलला. "मी नही टाकं. मंग कोन्ही तरी टाकं." आणि मग, "तीन दिन मी तापमा पडेल व्हतू. भट्टीवर दामू एकलाच व्हता."

मी मान हलवली. मला तेव्हा ते पटलंच! मनात म्हटलं, बरोबर, असंच झालं असणार. तरुण पोरगा, घाई, मोह. त्याच्या पाठीवर चिकटलेला उडदाचा गोळा मला आठवला आणि वाटलं, थट्टेखोर पोरं अशीच असतात. एका क्षणात मी त्याला पुरता ओळखून बसले.

आबाने माझ्या परीक्षेवर विश्वास ठेवला. माझ्यासारख्या शिकलेल्या पोरीवर, काचेवर, चौकटीतल्या परवान्यावर. शेतीभातीतली, भट्टीवरची माणसं शिकलेल्याला इतकं का मानतात? मला आता राग येतो त्यांच्या या मानण्याचा. माझ्यावर ओरडला असता, नळी फेकून दिली असती, तर मी निदान रागाने का होईना, पुन्हा बाटलीकडे वळले असते.

त्यानंतर बारा-तेरा दिवस दुसरं तेल आलंच नाही, मग मार्गशीर्षात पिंपळनेरकडचा एक नवा माणूस तेल घेऊन आला. त्याला मी म्हटलं, थांबा, आधी चोख तेल कसं दिसतं ते दाखवते. दसऱ्याच्या आधी आलेल्या एका तेलाची लहान कुपी मी ठेवून दिली होती. ते तेल पास झालं होतं, आरपार कावळा दिसला होता. ते घेतलं, स्पिरिट घातलं, हलवलं.

दूध.

तो माणूस म्हणाला, "हाईच का चोख?"

मी खण उघडला. मखमलीची डबी उघडताना कडी तुटली. मोठ्या बाटलीतलं स्पिरिट उंच भांड्यात ओतलं आणि तरती नळी सोडली. ती बुडायला हवी होती तितकी बुडालीच नाही. वरच तरंगत राहिली, पाण्यावर तरंगावी तशी.

पाण्यावरच तरंगत होती. आणि पाणी जास्त झालं की चोख तेलही दुधाळतंच.

दुपारी मी घरी आले. घर म्हणजे मामांचं, मी तिथेच राहायचे, गुदामापासून दोन गल्ल्या. मामी अंगणात उन्हात पाय पसरून बसली होती. तिचे गुडघे आमवाताने दुधीभोपळ्यासारखे सुजलेले, बाळंतपणानंतर धरले होते ते सुटलेच नव्हते. मामा जेवायला आले होते आणि तिच्या पोटऱ्या चोळत होते. शेजारी एक शाईची दौत. मला वास आला. गेले दोन महिने रोज येत होता तो वास! रोशाचा वास, मला वाटायचं नमुन्यातलं उरलेलं तेल असेल, असू दे. त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता, थंडगार, नाकात चढणारा. तेलात थेंबभर रॉकेल असलं तरी दारातून ओळखणारी मी, आणि रोज त्याच अंगणात पाट मांडून जेवत होते.

"मामा, दौतीत काय आहे?"

मामांनी लपवलंसुद्धा नाही. "तेल अन् स्पिरिट. वैद्यानं सांगितलं होतं, स्पिरिटात तेल मिळवून चोळा. बाजारात स्पिरिट भेटते का आता?"

"बाटलीतलं घेतलंत?"

"दोन बोटं. कधी दोन, कधी तीन. बाटली एवढी मोठी, तिले काय होते?"

"आणि पाणी? पाणी कुणी घातलं?"

"मीच. तो इन्स्पेक्टर रेघ पाह्यते ना! रेघेच्या खाली गेलं तं बेडी घालीन मले. म्हनून रेघेपर्यंत भरून ठेवत गेलो." मग माझा चेहरा बघून, मला समजवायला म्हणून, "पोरी, पानी काही तसंच नाही टाकलं मी. उकयून, थंड करून, फडक्यातून गायून टाकलं. तुह्या कामात घाण नको."

उकळून, गाळून. काय करू मी या माणसाचं? कुणावर ओरडू? मी त्यांना सांगितलं, उखा आबाचं तेल चोख होतं, फुली आपल्यामुळे लागली. मामा हातातली दौत धरून बसले. मामीने पाय आखडून घेतले, जसे काही ते पायच चोर होते. म्हणाली, "मले काय ठाऊक व माय, माह्या पायापायी कोनाचं नाव जाईन?"

मामा एवढंच म्हणाले, "सांगशीन तं मी जेलात जाईन. सांगू नको असं मी म्हनत नाही. पन हिचे पाय कोन चोळीन ते सांगून जा."

मी शेटजींना निम्मंच सांगितलं. बुचाची फट राहिली, स्पिरिटचा दम उडाला, मधल्या दिवसांतले निकाल चुकले. शेटजींनी ऐकलं आणि म्हणाले, "मग नवीन स्पिरिट मागव आणि पुढचे नीट कर. गेलेले डबे गेले. आता आपणच आपली परीक्षा खोटी म्हणायची का? मुंबईवाले हसतील." झालं. त्यांच्या दृष्टीने संपलं. मी टेबलापाशी जाऊन बसले आणि पुढचे नीट केले. हंगाम संपेपर्यंत केले! पोटात असं घेऊन माणूस काम करू शकतो, जेवू शकतो, वेणीफणी करू शकतो. मला नव्हतं माहीत.

संक्रांत झाल्यावर मी एकटी शिरपूरला गेले आणि तिथून बैलगाडीने अनेरकाठी. हंगाम उतरणीला लागला होता, तरी चार भट्ट्यांतून धूर होता. सगळ्यात वरची थंड होती. गाडीवान वाटेत सहज सांगावं तसं म्हणाला की भट्टी धुण्यासाठी मध्ये सगळ्यांनी आग विझवली होती, परत पेटवताना विस्तव खालच्या भट्टीतून घेतला. उखा आबा खापर भरून उभा होता, कुणी त्याच्याकडे गेलं नाही. आणि दामू? "तेले तं त्याना बापनी हाकली दिधं ना," गाडीवान म्हणाला. "बठ्ठा गावसमोर."

आबा भट्टीच्या दगडावर बसला होता. दोन महिन्यांत माणूस इतका उतरतो? मी उभ्या उभ्याच बोलायला लागले, धापा टाकत, कारण थांबले असते तर बोलता आलं नसतं. तुमचं तेल चोख होतं, आबा. चूक माझी. स्पिरिटमध्ये पाणी गेलं होतं. दामूने काही घातलं नाही. कुणीच काही घातलं नाही.

आबाने ऐकून घेतलं. मग मान हलवली. "नही बेटी."

"खरं सांगते, आबा!"

"तुना डोयानी देखं तू. मना डोयानी मी बी देखं. दूध व्हई गयथं."

"पाण्यामुळे झालं ते! स्पिरिटमध्ये पाणी..."

"कोनी टाकं पानी?"

मी तोंड उघडलं. मामा दिसले, दौत दिसली, मामीचे आखडलेले पाय दिसले. आणि तोंड तसंच मिटलं.

आबा थांबला होता. खरंच थांबला होता, मला दिसत होतं. एक नाव दिलं असतं तर त्याने धरलं असतं. मग तो हळूच म्हणाला, "देख. तुले नाव बी सांगता येत नही. म्हतारा कष्टी शे म्हनीसन तू असं सांगी ऱ्हायनी. चांगली पोर शे तू." आणि मग एकदम आवाज चढवून, "दामूनीच टाकं! त्यानीच टाकं. नही तं मी त्याले कसाले हाकली दिधं?"

माझा तो चुकीचा निकालच त्याला हवा होता. ती चूक काढून घेतली तर त्याच्यापाशी काय उरत होतं, ते त्याला माझ्याआधी कळलं होतं.

मी वळले. गाडीपाशी आले तर मागून अक्का धावत आली. पदर डोक्यावरून पडला होता.

"थांब वं बेटी. परत सांग. त्यानी नही टाकं ना?"

"नाही, अक्का."

"परत सांग."

"दामूने नाही टाकलं."

तिने असं चार वेळा वदवून घेतलं. मग म्हणाली, "मी रोज सांगू, माय सांगस म्हनीसन कोन्ही ऐके नही. आते त्याले सांगाले जोयजे."

"कुठे आहे तो?"

"कोन म्हनस सुरतले, कोन म्हनस इंदूरले. कापडनी गिरनीमा शे म्हने." आणि माझा दंड धरून, "तू शिकेल शे ना? तूच शोधी काढ."

त्या उन्हाळ्यात मी ती नोकरी सोडली. आता इथे मुलींना शिकवते, आणि दर वर्गाला सांगते, आधी स्पिरिट मोजा. मुली वहीत लिहून घेतात. सुरतेहून, इंदूरहून कुणी आलं की मी विचारते. एकदा एका गिरणीतल्या बाईने सांगितलं, दामू नावाचे आमच्या खात्यात तीन आहेत. तिघेही दुसरेच निघाले.

उखा आबा गेल्या उन्हाळ्यात गेला. शेवटपर्यंत 'त्यानीच टाकं' म्हणत गेला, असं मला शिरपूरच्या एकाने सांगितलं. त्याच्यामागून श्रावणात मामी गेली. तेराव्यानंतर मामा म्हणाले, "आता सांग पोरी. माह्यं नाव घालून सांग." मी कुणाला सांगू? शेटजींना? त्या नदीवर आता दुसरीच भट्टी आधी पेटते, लोकांना तेच जुनं वाटायला लागलंय.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. एका दमात लिहिलं, वाटत होतं छापून आलं की कुठेतरी, गिरणीच्या फाटकाशी, चहाच्या दुकानात, दामूच्या हातात पडेल. पाण्याचं कारण, मामांचं पाणी, माझी सही, सगळं त्यात आहे. काही लपवलं नाही या खेपेला. लिहून होईपर्यंत तेच वाटत होतं.

दामूला वाचता येत नाही.